गप्प पिल्लू

बोथ गावच्या शाळेत शिकवून प्रज्ञा घरी आली, तेव्हा तिचं तान्हं लेकरू पाळण्यात नको इतकं गाढ झोपलं होतं. हैदराबादहून सुटीवर आलेला तिचा प्रोफेसर नवरा त्याच्या आईला आपलं संशोधन ऐकवत होता.

"कोंबडीचं पिल्लू एकटं ठेवलं का ओरडून जीव खाते. आमी त्याच्या मेंदूत अमिनो आम्लाची सुई देतो, का गुमान डोळे मिटते!"

"अन् बाकीच्या पिल्लांत सोडलं तर?" प्रज्ञानं विचारलं.

"तसंही गप बसते. पण त्यात संशोधन काय?"

"आपला बाबूबी दिवसभर मायसाठी रडला," सासू म्हणाली. "मंग मोहरीएवढी अफू चाटवली."

"अफू? माय, इतकी कशी तू अडाणी?"

प्रज्ञानं दवाखान्यात न्यायला लेकरू उचललं. "अडाणी काऊन म्हणता? त्यांना तर सुईबी लागली नाही."