तातेरावांचा ठेका

मुलांनो, थोडा वेळ तुम्ही सत्यशीला व्हा. वय नऊ, गाव गोदाकाठचं शहागड, साल एकोणीसशे एकोणऐंशी. तुम्ही उंबऱ्यावर बसला आहात. आत आजी, झुंबरबाई, भाकरी थापते आहे. ओट्यावर आजोबा तुमच्या काकावर संतापले आहेत, आणि काकाने अजून पायातले बूट काढलेले नाहीत.

"काढूच नको," तातेराव मुलाला म्हणाले. "आधी तुला शिकवलं त्याचं नाव सांग. मंग ठरवू घरात घ्यायचं का न्हाई."

देवानंद दोन वर्षांनी मुंबईहून आला होता. जालन्यात एका बुवांकडे तो रागदारी शिकला. त्याच्या बंदिशी पहिल्यांदा रेडिओवर लागल्या, तेव्हा तातेरावांनी गल्लीत साखर वाटली होती. पुढे तो सिनेमाच्या गाण्यांना चाली देऊ लागला. त्यालाही त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. पण यंदा त्याचं एक गाणं गाजलं, आणि हमरस्त्यावरच्या हॉटेलातला रेडिओ ते सारखं वाजवू लागला. त्या गाण्यात हलगी होती.

छप्पन साली बौद्ध झाल्यावर तातेरावांनी आपली हलगी गोदावरीत फेकली होती. ज्यांच्या लग्नात ती वाजवली, त्यांनी कधी त्यांना मांडवात बसू दिलं नव्हतं. या घरात पुन्हा हलगी वाजणार नाही, असं त्यांनी तेव्हा सांगितलं. देवानंद तीन वर्षांचा होता.

"बंबईत बाजाच्या पेट्या सरल्या होत्या का?" तातेराव म्हणाले. "मी नदीत बुडवलं ते तू साऱ्या मुलखाला ऐकवून राह्यला."

"आबा, हलगीला कशाची लाज? लाज वाजवून घेणाऱ्यांना पाहिजे."

"मला शिकवू नको. हलगी कुणीबी वाजवंल. पण त्या गाण्यात माझा हात हाय."

त्यांनी उजवा हात पुढे केला. कडबा तोडताना त्याचं एक बोट अर्धं गेलं होतं. त्यामुळे हलगी वाजवताना चार थापा झाल्या की तो हात अडखळायचा, क्षणभर रिकामी जागा सुटायची, आणि पुढची थाप दणकून पडायची.

"ही खोट माझी एकट्याची. मी तुला दिली न्हाई. मंग कुणी दिली?"

झुंबरबाईंनी आतूनच सांगितलं, की आधी जेवून घ्या, भांडण काही शिळं होत नाही. कुणी लक्ष दिलं नाही. पीठ घेण्यापुरता त्यांचा हात थांबला आणि भाकरीचा आवाज पुन्हा सुरू झाला.

तातेरावांचा संशय धाकट्या भावावर होता. अप्पाराव लहानपणापासून त्यांच्या शेजारी उभे राहून वाजवायचे. त्यांनी हलगी सोडली नाही, म्हणून तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद होतं. आता आपला मुलगाही चोरून तिकडे शिकायला जायचा, असं तातेरावांना वाटत होतं.

"मला कुणीच शिकवलं न्हाई," देवानंद म्हणाला. "चाल बांधायला बसलो आन ठेका आपोआप बोटात आला. जसा काय जन्मापासून ऐकत आल्तो."

"बिलकुल खोटं."

"मंग खोटंच समजा." देवानंदने खाली ठेवलेली पिशवी उचलली.

तातेरावांचा आवाज एकदम खाली आला. "सत्ये, जा. अप्पारावला बोलावून आण. तोंडावर विचारतो. हो म्हणला, तर आजपासून मला भाऊबी न्हाई आन ह्यो लेकबी न्हाई."

घरात फक्त भाकरी थापल्याचा आवाज राहिला.

सत्यशीला उठली. गल्लीकडे दोन पावलं गेली आणि थांबली. कान देऊन तिने भाकरीचा आवाज ऐकला: चार थापा, क्षणभर रिकामी जागा, मग एक दणकून.

ती अप्पारावांकडे गेली नाही. ती मागे फिरली, चुलीपाशी गेली आणि तिने आजीचे पिठाने माखलेले दोन्ही हात धरले. ठेका थांबला.