फळांपुढच्या चिठ्ठ्या

रस्त्याच्या या बाजूला एक उंची दुकान, त्या बाजूला दुसरं. तिचा जीव पहिल्यात रमायचा. तिथे मंद संगीत, ताज्या पावाचा वास आणि ढगावरून चालल्यासारखी गुळगुळीत फरशी. नवरा मात्र हट्टाने दुसऱ्याच दुकानात शिरायचा.

"अहो, तिथली फळं किती टवटवीत असतात! इथे काय सोनं लागलंय?"

"इथे चिठ्ठ्या असतात."

खरंच, या दुकानात प्रत्येक फळापुढे हाताने लिहिलेली चिठ्ठी असायची. मऊ पिवळ्या उजेडात तो एकेक चिठ्ठी बोट फिरवत वाचायचा. 'नाशपती. डोंगरातली. गोड, जरा रवाळ. चार दिवस टिकते.' वाचून झालं, की धुक्यातून ओळखीचं घर दिसावं तसा त्याचा चेहरा निवळायचा. "हं, ओळखलं. घेऊ या." आणि ती कपाळाला हात लावायची.

एका सकाळी तिच्या हातून चहाचा कप घेताना त्याने अदबीने विचारलं, "आपण कोण, बाई?"

ती आत गेली आणि जरा वेळाने खांद्यावर एक चिठ्ठी टाचून त्याच्या पुढ्यात येऊन बसली.

त्याने बोट फिरवत सावकाश वाचलं. 'बायको. याच घरातली. जरा तिखट. बेचाळीस वर्षं टिकली आहे.'

बोट तिथेच थांबलं. कपातला चहा निवत गेला. मग हळूहळू त्याचा चेहरा निवळला.

"हं," तो म्हणाला, "हीच घेऊ या."