आधीच्या भाडेकरूचा ठावठिकाणा

हे कुणाला खरं वाटणार नाही, आणि शपथेवर सांगितलं तर आणखीच वाटणार नाही. पण त्या सकाळी वसुलीवाल्याने दार वाजवलं नाही, सरळ उघडलं. खाली गुडघा, वर खांदा, कडी जरा उचलली आणि आत. त्या दाराची ही खोड कळायला कवळीवाल्या काकांना इथे राहायला आल्यावर दोन महिने लागले होते.

काका लोकांचे दात करायचे. खिडकीपाशी बाक, बाकावर प्लास्टरचे जबडे ओळीने, आणि मधोमध कवळ्या घासून चकचकीत करायची मोटर. ती मोटर गेली असती तर येत्या आठवड्यात अकरा माणसं पातळ खाण्यावर राहिली असती, आणि काका-काकू तर त्याहूनही पातळावर.

वसुलीवाल्याने मागे न बघता पंख्याचं बटण दाबलं. बोर्डावर बटणं सहा, त्यातली चार कशाचीच नव्हती. काका चक्रावले. याआधी दोनदा हा माणूस दाराबाहेरच उभा राहिला होता.

"आलाय का तो?" फाइल उघडत त्याने विचारलं.

"अरे बाबा, तिसऱ्यांदा सांगतो, त्या आधीच्या भाडेकरूला आम्ही पाहिलेलंसुद्धा नाही. आम्ही आलो तेव्हा घर रिकामं होतं. कुठे गेला, माहीत नाही."

"'माहीत नाही'ला रकाना नाही, काका. पार्टी हजर, पार्टी मयत, पार्टी परागंदा. यातलं काहीच नसेल तर कर्जापोटी पत्त्यावर सापडेल ते सामान उचलायचं. आज वरून टेंपोच पाठवलाय." बोलणं दरडावणीचं होतं, पण नजर काकांच्या खांद्यावरून सारखी भिंतीकडे जात होती. "इथे खुंटी होती ना?"

"होती. काढली."

"हं," तो म्हणाला.

दारात टेंपोवाला उभा होता. बाकावरचा एक जबडा उचलून तो स्वतःच्या तोंडापाशी धरून बघत होता.

"मुख्याध्यापकांचा आहे. ठेव खाली," काका खेकसले.

आतल्या खोलीतून काकूंचा आवाज आला, "अहो, तीनदा खरं सांगून झालं ना? आता तुमचं नेहमीचं सांगा."

काकांनी घसा खाकरला आणि एक हात मोटरवर ठेवला.

"गेला तो. पूर आला होता. पाणी या खिडकीपर्यंत." नदी दोन कोसांवर आणि खोली दुसऱ्या मजल्यावर, पण काका एकदा सुटले की अंतरं बघत नसत. "करतो काय बिचारा? कपाट आडवं केलं, आत बसला आणि झाडूने वल्हवत निघाला."

"कपाट कुठलं? हिरवं?"

"हिरवंच," काका म्हणाले आणि मनातून दचकले. आजवर त्यांच्या थापेला कुणी पदरचा पुरावा जोडला नव्हता.

"मग?"

"मग वळणावर कपाट बुडालं. गड्याने दिली उडी ठोकून! तीन दिवस, तीन रात्री पोहत होता. मासे बाजूला सरून वाट देत होते."

"थकला नाही?"

"थकतो कसला! मध्येच एक वसुलीवाला गटांगळ्या खात होता, त्यालाही बखोटीला धरून काठावर सोडला."

टेंपोवाला फिसकन हसला. वसुलीवाला हसला नाही. त्याने स्टूल ओढलं आणि काकांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला. दात चांगले होते त्याचे, काकांनी सवयीने पाहून घेतलं. फक्त बरेच दिवस हसायला वापरलेले दिसत नव्हते.

"पोचला का हो तो, काका?"

काकांना काही उमगेना. हा आवाज वसुलीचा नव्हता. इस्पितळाच्या व्हरांड्यात माणसं डॉक्टरला गाठून विचारतात, तसला होता. खरं तर पुढच्याच वाक्यात त्याला बुडवून टाकायचा काकांचा बेत होता. मयत झाला की कटकट मिटली. पण समोरचं तोंड बघून जीभ रेटेना.

"पोचला," काका म्हणाले. "पार पलीकडच्या काठाला. तिथे त्याला कुणी ओळखत नाही. सकाळी दार वाजलं तर दूधवाला असतो."

"दूधवालाच?"

"दूधवालाच. दुसरं कुणी दारात फिरकत नाही. दुपारी जेवतो आणि ताणून देतो. पोट सुटलंय लेकाचं. जुना सदरा पोटावर बसत नाही."

वसुलीवाल्याने नाक ओढलं. मग 'परागंदा'च्या रकान्यात खूण केली आणि पुढे एकेक शब्द मोठ्याने म्हणत सावकाश लिहिलं, "पोहून गेला. सुखरूप आहे. परत येणार नाही. इथलं सामान त्याचं नाही. फाइल बंद." खाली शिक्का मारला, त्यावर फुंकर घातली, आणि काकांची साक्षीदार म्हणून सही घेतली. काकांनी मोटरवरचा हात आता कुठे काढला.

"कमाल आहे, साहेब," दारातून टेंपोवाला म्हणाला. "मागच्या वर्षी इथून तुमचं सामान मीच हलवलं. तुम्हाला कुठे पोहता येतं?"