आजीचं पाकीट

"आई, हे फोटो फक्त तुझ्यासाठी. त्या बाईच्या नजरेला एकही पडता कामा नये."

दर महिन्याला टपालपेटीचं दार उघडताना कर्टचं हे बोलणं बर्नडीनच्या कानात वाजायचंच. तिकडे ॲरिझोनात कर्ट आणि त्याची नवी बायको फोनमधले फोटो निवडायचे, एक कंपनी ते छापायची आणि जाड निळं पाकीट विस्कॉन्सिनच्या या गावात तिच्या दारी यायचं. टेसा आणि एमेट, तिची दोन नातवंडं, अशी टपालाने मोठी होत होती.

आज पेटी रिकामी होती. बर्नडीनने ती बंद केली, दारात बूट आपटून बर्फ झटकला आणि आत आली. फोन वाजतच होता.

"मिळालं का गं पाकीट?" कर्ट खुशीत होता. "टेसाचे पुढचे दोन्ही दात पडलेत. बाबा कवळी काढून ठेवायचे ना, हुबेहूब तशी दिसते!"

"नाही मिळालं."

"असं कसं? कंपनी तर म्हणते, कालच पोचलं. थांब, बघतो."

तो बघेपर्यंत बर्नडीन भिंतीला टेकून उभी राहिली.

'ती बाई' म्हणजे ऑफेलिया. कर्टच्या पहिल्या बायकोची, मारिसेलाची आई, बर्नडीनची विहीण. मारिसेला तापाने गेली, तेव्हा चर्चच्या पायऱ्यांवर, साऱ्या गावादेखत ऑफेलियाने जावयाला विचारलं होतं, "आदल्या दिवशीच का नाही नेलंस दवाखान्यात?" तो प्रश्न कर्टच्या जिव्हारी लागला तो लागलाच. पोरांना घेऊन त्याने गाव सोडलं. तेव्हापासून ऑफेलियाला ना फोन, ना फोटो. बर्नडीन मधे पडली नाही. तोंड उघडलं की आपणही तिच्याच रांगेत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

चार वर्षं अशीच गेली. मग यंदाचे ईस्टरआधीचे उपासाचे दिवस आले. त्या दिवसांत शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे मात्र चालायचे; म्हणून चर्चच्या तळघरात माशांचं गावजेवण असायचं आणि दोघी विहिणी एकाच कढईशी मासे तळायला उभ्या राहायच्या. पहिल्याच शुक्रवारी बर्नडीनने एप्रनच्या खिशातून एक फोटो काढून ऑफेलियासमोर धरला. ऑफेलियाचे हात पिठाने माखलेले. डाग पडू नये म्हणून तिने ते पाठीमागे नेले आणि वाकून नुसती बघत राहिली. कढईतले मासे करपले.

"अहो बायांनो," रांगेतून कुणीतरी ओरडलं, "उपास आहे म्हणून खरंच उपाशी ठेवणार का?"

"घे, ठेव तुझ्यापाशी," बर्नडीन कुजबुजली.

"नको गं. त्याला कळलं तर तुझंही बंद करेल. आपल्यातल्या एकीला तरी दिसू देत."

दुसऱ्या दिवशी सकाळी बर्नडीन नेमाने जपमाळ घेऊन बसली, पण मणी काही पुढे सरकेना. 'एकीला तरी.' एवढंच कानात घुमत राहिलं. शेवटी तिने माळ ठेवली आणि उठली.

"आई? ऐकतेस ना?" कर्ट पुन्हा फोनवर आला. "पोचलं असंच दाखवतायत. थांब, चांगला झापतोच त्यांना."

"नको झापूस. त्यांची काही चूक नाही. पोचलंय ते."

"अगं, आत्ताच तर म्हणालीस…"

"माझ्याकडे नाही पोचलं. मी पत्ता बदलला. ऑफेलियाच्या घरचा दिला."

"बदलला म्हणजे? कुणी शिकवलं तुला हे?"

"शिकवायचं काय त्यात? प्रत्येक पाकिटात चिठ्ठी असते, घर बदललं असेल तर कळवा म्हणून. मी कळवलं."

"काय केलंस कळतंय का तुला? माझ्या पोरांचे फोटो त्या बाईकडे! यादीतून नावच काढून टाकतो तुझं. मग बस तूही तिच्यासारखी टपालपेटीकडे बघत!"

टेसाचं बोळकं बर्नडीनने अजून पाहिलंही नव्हतं. आवाज मात्र तिने चढवला नाही. तिला ते कधी जमलंच नव्हतं.

"काढ. दोघी मिळून बसू. फक्त त्याआधी पोरांना समोर घे आणि तुझ्या तोंडाने सांग, की तुमच्या आईच्या आईला तुमचं तोंड बघायची बंदी आहे. आणि तिला बघू दिलं म्हणून या आजीलाही. सांगशील?"

कर्टने फोन ठेवला नाही. मग तिनेच ठेवला.

पुढच्या महिन्यात पाकीट येईल की हेच शेवटचं, देव जाणे. बर्नडीनने कोट चढवला, लोकरीची टोपी कानांवर ओढली.

काल सकाळचं टपाल वाटून झालं आणि हिमवादळ सुरू झालं, रस्ते बंद. संध्याकाळी ऑफेलियाने फोन केला होता. "आलं गं," एवढंच म्हणाली.

"मग बघतेस काय? फोड की!"

"वर नाव तुझं आहे, बर्नी. तू ये, मग फोडू."

"वेडी आहेस का? फोड म्हणते ना!"

"चार वर्षं काढली. एक रात्र निघेल."

"बरं बाई. रस्ता मोकळा झाला की येते."

बर्नडीनने दार ओढून घेतलं आणि काठी टेकत बर्फातून निघाली. चार गल्ल्या पलीकडे, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, ते पाकीट कालपासून तसंच बंद होतं.