आप्पांचा मेपल

वीरभद्रप्पांनी कुंडीभोवतीचं गोणपाट ओलं केलं आणि सुनेला हाक मारली.

"रुपाली, हितं ये. नीट बघून घे."

वळसंगला शेताची नांगरट करून घ्यायची होती. दर मे महिन्यात ते पंधरा दिवस गावी राहायचे आणि निघण्याआधी सुनेची अशी शिकवणी घ्यायचे.

"नळाचं पाणी थेट घालायचं न्हाय. बादलीत एक दिवस ठेवायचं. सकाळी एक तांब्या, सांजच्याला एक. आन् ही हिरवी जाळी काढायची न्हाय."

"व्हय आप्पा. तुमी निवांत जावा."

चार वर्षांपूर्वी त्यांची बायको राजाबाई गेली. एस.टी.त तीस वर्षं ड्रायव्हर असलेला माणूस ओसरीवरच्या खुर्चीत भिंतीकडं तोंड करून बसला. ताट समोर आलं तरी हात लावेना. मुलगा शरणबसव हिमाचलच्या सहलीहून हे मेपलचं रोप घेऊन आला, तेव्हा आप्पा पहिल्यांदा खुर्चीतून उठले. "सोलापुरात हे जगायचं न्हाय," म्हणाले, आणि ते जगवायच्या मागं लागले.

आता पहाटे पाचला उठणं, खत कालवणं, शेजाऱ्यांना माहिती देणं, सगळं त्या कुंडीभोवती. डिसेंबरात पानं लालभडक झाली की अख्खी गल्ली फोटो काढायला यायची आणि आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून झाडाशेजारी उभे राहायचे.

शेजारचा रज्जाक त्यांना टेम्पोतून स्टँडवर सोडणार होता. पिशवी उचलताना तो म्हणाला, "आप्पा, ह्या उन्हात माणूस टिकंना. तुमचं झाड कसं टिकतंय?"

आप्पा खुशीत हसले. "झाडाला कळतंय की रं, हात कुणाचा हाय ते."

रुपालीनं सांगितलं तसंच केलं. बादलीतलं पाणी, सकाळ-संध्याकाळ तांब्या, दुपारी उठून जाळी नीट करणं. पारा चव्वेचाळिसावर गेला. सहाव्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. नवव्या दिवशी तिनं फांदी नखानं खरवडून पाहिली. आत हिरवं काहीच नव्हतं.

तेवढ्यात आप्पांचा फोन आला.

"झाड कसं हाय गं?"

"मजेत हाय आप्पा. तुमी जेवलात का?"

"दोन भाकरी खाल्ल्या की! आल्यावर खत घालू त्याला."

फोन ठेवून रुपालीनं पदरानं डोळे पुसले आणि पुण्याच्या नर्सरीचा नंबर लावला.

"दादा, सोलापूरहून रुपाली बोलतीय. मेपल पाठवा की, दरवर्षीसारखा. तेवढं मागच्यापेक्षा वीतभर उंच बघा."