पूजेआधीचं मौन

ह्यांचं दुखणं बरं व्हावं म्हणून मी रोज पूजा होईपर्यंत मौन धरायचे. त्या सकाळीही ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन पूजा न करता, मौनातच गाडीत मागं बसले. सोलापूरचा दवाखाना गाठायचा होता. नळदुर्गच्या पुढं इलेक्ट्रिक गाडीच्या पडद्यावर मोटरमध्ये बिघाड असल्याचं आलं आणि गाडी थांबली.

"आई, आज तरी बोल की!" फोन लावता लावता लेक ओरडला.

"राहू दे रे, लई दिवसांनी शांतता मिळालीय," हे पुटपुटले.

फोनवरच्या माणसानं गाडी बंद करून, थोडं थांबून परत चालू करायला सांगितलं. लेक तेच करत राहिला. शेवटी बिघाडाची सूचना गेली.

"झाली चालू! आता पोचतोच, बाबा!"

मांडीवरचे ह्यांचे उघडे राहिलेले डोळे मी हातानं मिटले. "सावकाश चालव, बाळा," मी म्हणाले.