रावजीनं बांधलेली चाल

चौऱ्याहत्तर सालच्या गणपतीत, सोलापूरच्या गिरणीचाळीत, वच्छलाबाईच्या रावजीनं आईचं जातं स्टेजवर नेलं. दोस्ताला फिरवायला बसवलं, समोर माईक लावला आणि इलेक्ट्रिक गिटार अशी पिसाळल्यागत वाजवली की म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले. जात्याची घरघर कर्ण्यातून घुमली तशी आई सुखावली. “आईकडनं ऐकलेली जुनी ओवी, चाल माजी,” म्हणत रावजी बेंबीच्या देठापासून गायला लागला, “नातेपुत्याचा कासार बाई, हात धरून बांगडी भरी; हात सोडला त्यानं तरी, जीव माझा त्याच्या घरी.” वच्छलाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. ही ओवी जुनी नव्हती, तिनं स्वतः रचलेली होती. पहाटे दळताना, नवरा झोपलाय हे बघूनच ती गायची. आत्ता तो शेजारीच बसला होता. तिला मान वळवायचा धीर होईना. तो हळूच म्हणाला, “पहाटं तुजी चाल येगळी असायची.”